शाळा सुटलेलं मूल परत वर्गात बसवायचं: आधी काय, मग काय

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी भागातल्या मराठी शाळांत दर जूनला तेच घडतं. पालक पोराला घेऊन शाळेत येतात. हेडमास्तर दाखला मागतात. पालक दाखल्यासाठी जुन्या शाळेत जातात, तिथून आधारमधलं नाव दुरुस्त करायला, तिथून जन्मदाखल्यासाठी पंचायतीत. फेऱ्या मारता मारता दसऱ्याची सुट्टी लागते, आणि पोरगं पुन्हा उसाच्या फडात, नाहीतर गॅरेजात.

कागद जमवून मग प्रवेश, हा क्रमच उलटा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वयाचं मूल आधी वर्गात बसतं आणि कागद मागाहून येतात. दुसरी चूक त्याच्या पुढची. पटावर नाव चढलं की काम झालं असं समजतात, आणि महिनाभरात मूल परत गायब होतं.

हा लेख पालक, एसडीएमसीचे (शाळा विकास व देखरेख समितीचे) सदस्य, नव्याने रुजू झालेले गुरुजी-बाई आणि गावातली तरुण मंडळं यांच्यासाठी आहे. उदाहरणं बेळगाव जिल्ह्यातली आहेत, पण हल्याळ, जोयडा, कारवार किंवा भालकीकडच्या मराठी शाळांनाही हाच क्रम लागू पडतो. टप्पे क्रमाने घ्या.

## टप्पा १: मूल कुठून गळालं ते ओळखा

‘शाळाबाह्य’ म्हटलं की सगळी मुलं एकाच खात्यात जातात. पण प्रत्येकाची वाट वेगळी आहे, आणि चुकीची वाट धरली की दोन महिने फुकट जातात.

पटावर नाव आहे, पण येत नाही. सगळ्यात जास्त मुलं यातली. यांना नवा प्रवेश लागतच नाही, उद्या सकाळी येऊन बसलं तरी चालतं. तरी पुष्कळ पालक आधी दाखला काढून दुसऱ्या शाळेत घालायला निघतात आणि मूल दोन्हीकडून सुटतं.

दाखला काढला, पुढे कुठेच घातलं नाही. बहुतेक सातवीनंतर. याबद्दल टप्पा ८ मध्ये.

दुसऱ्या राज्यातून आलं. चंदगड-गडहिंग्लजकडून आईच्या माहेरी राहायला आलेली मुलं, गोव्यात कामाला गेलेल्या घरांतून परतलेली मुलं, आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांबरोबर अथणी, कागवाड, रायबाग, चिक्कोडीच्या फडांवर आलेली मुलं.

कधी शाळेतच गेलं नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या काही गवळीवाड्यांवर, वीटभट्ट्यांवर, मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगर कुटुंबांत.

चौदा ओलांडलं. यांचा रस्ता वेगळा आहे, तो शेवटी दिला आहे.

तपासा: जुन्या शाळेत जाऊन तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या. प्रवेश रजिस्टरमधला नंबर, हजेरीपटावरची शेवटची तारीख, आणि सॅट्स नंबर. सॅट्स म्हणजे कर्नाटकातल्या प्रत्येक विद्यार्थ्याची सरकारी ऑनलाइन नोंद. हे तीन आकडे हाताशी असले की पुढची निम्मी धावपळ वाचते. नाव अजून पटावर आहे असं दिसलं तर टप्पा ३ ते ५ सोडून द्या.

## टप्पा २: घरी जा, पण घोळक्याने नको

‘दाखलाती आंदोलना’च्या, म्हणजे शाळाप्रवेश मोहिमेच्या दिवसांत बॅनर, ढोल आणि मुलांची फेरी घेऊन दारोदार जातात. फेरी चांगलीच, पण ज्या घरातलं मूल शाळेत जात नाही त्या घराला ती नको असते. चारचौघांत विचारलं की आई ‘उद्यापासून लावून देतो’ म्हणते आणि विषय मिटतो.

दोघांनीच जावं. एक शिक्षक आणि एक ओळखीचं माणूस, शक्यतो बाई. वेळ संध्याकाळची, चुली पेटायच्या आधीची. ‘शाळेत का पाठवत नाही?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका, तो दम दिल्यासारखा लागतो. ‘दिवसभर कुठं असतो?’ असं विचारा. उत्तरात सगळं येतं.

“वैनी, संतोष दिसला नाही बरेच दिवस. कुठं असतोय?”

“उद्यमबागला जातोय बघा बाई, मामाच्या वळखीनं. शाळंत त्येचं मन लागंना. कन्नडच्या तासाला मागं बसून ऱ्हायचा.”

उद्यमबाग म्हणजे बेळगावातली औद्योगिक वसाहत. या उत्तरात दोन कारणं आहेत, आणि खरं कारण दुसरं आहे. मजुरी नंतर आली, कन्नडचा तास आधी. इथे नुसतं ‘कामाला पाठवू नका’ सांगून उठलात तर मूल परत येणार नाही. आलं तरी टिकणार नाही.

मुलाशी वेगळं बोला, आईबापांच्या देखत नको. मुलींच्या बाबतीत हमखास सापडणारी कारणं अशी: धाकट्या भावंडाला सांभाळायचं, शाळेचं संडास वापरण्यासारखं नाही, वाटेवर त्रास देणारी पोरं, आणि ठरत आलेलं लग्न. पहिल्यावर उपाय अंगणवाडीत आहे. धाकट्याचं नाव तिथे घातलं की थोरली मोकळी होते. त्यामुळे घरी जाताना अंगणवाडीताईंना बरोबर घेतलं तर एका फेरीत दोन कामं होतात. लग्नाची गोष्ट असेल तर घरात वाद घालत बसू नका, १०९८ या बाल मदतवाहिनीला कळवा. फोन फुकट लागतो आणि कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं.

सावध: ‘शाळेत आला तर हे मिळेल, ते मिळेल’ अशी यादी वाचू नका. पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण, दूध हे सगळं मिळतं, पण मुलाचं कारण त्यात नसेल तर यादीचा काही उपयोग नाही. आणि एखादी वस्तू उशिरा आली की तुम्ही खोटे ठरता.

## टप्पा ३: शाळा आणि माध्यम एकदाच ठरवा

आपल्याकडे घाई होते ती इथे. ‘मराठीत घालून काय उपयोग, इंग्लिशला घाला’ आणि ‘कर्नाटकात राहायचं तर कन्नडच’ अशी दोन मतं घरात ऐकू येतात. दोन्ही बाजूंना कारणं आहेत. पण दोन वर्षं शाळेबाहेर राहिलेल्या मुलाचं माध्यम त्याच वेळी बदलणं म्हणजे त्याला दोनदा मागे टाकणं. ज्या भाषेत ते आधी वाचायला शिकलं त्याच भाषेत परत आणा, हे माझं स्पष्ट मत आहे. माध्यम बदलायचंच असेल तर मूल वर्षभर टिकल्यावर.

निवड तुमची आहे हे ध्यानात ठेवा. प्राथमिक शाळेचं माध्यम सरकारला लादता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात दिला. मात्र कन्नड भाषा हा विषय वेगळा. २०१५ च्या राज्य कायद्याने कन्नड हा पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकणं सक्तीचं केलं आहे, आणि तो कायदा २०१७-१८ पासून इयत्तावार लागू होत गेला. माध्यम मराठी घेतलं म्हणून कन्नड चुकत नाही. हे पालकांना आधीच सांगा.

प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापकांना विचारा: पहिली, दुसरी आणि तिसरी भाषा कोणकोणती? उत्तर कागदावर लिहून घ्या. एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीच्या बोर्ड परीक्षेला, पहिली भाषा १२५ गुणांची असते, बाकीचे विषय १०० चे. मराठी पहिली भाषा म्हणून नोंदलं गेलं आहे की नाही, हे नववीत कळून उपयोग नाही.

सावध: धोरणाच्या बातम्या वाचून शाळा बदलू नका. राज्याने केंद्राचं राष्ट्रीय शिक्षण धोरण बाजूला ठेवून स्वतःच्या धोरणासाठी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यातल्या दोन भाषांच्या सूत्रावर आणि पाचवीपर्यंतच्या माध्यमावर गावागावात चर्चा झाली. पण शिफारस म्हणजे आदेश नव्हे. शाळेला परिपत्रक येईपर्यंत वेळापत्रक आहे तेच चालतं.

## टप्पा ४: आधी प्रवेश, तोही लेखी

तोंडी विचारलं की तोंडी नकार मिळतो. म्हणून अर्ज लिहूनच न्या. वाक्यं साधी ठेवा:

> माननीय मुख्याध्यापक, सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळा, ________.
> माझा मुलगा ________, जन्मतारीख ________, हा ________ या महिन्यापासून शाळेत जात नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मधील कलम ४ प्रमाणे त्याला वयानुसार इयत्ता ______ मध्ये प्रवेश द्यावा आणि आवश्यक ते विशेष प्रशिक्षण द्यावे, ही विनंती. शाळा सोडल्याचा दाखला व वयाचा पुरावा मिळताच सादर करीन.
> पालकाची सही, दिनांक.

दोन प्रती काढा. एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती घरी ठेवा. ही पोच हातात असली की पुढे कुठल्याही ऑफिसात ‘तुम्ही आलाच नव्हता’ असं कुणी म्हणू शकत नाही.

अडवणूक झाली तर कुठलं कलम दाखवायचं, तेही सांगतो. दाखला यायला उशीर होतो म्हणून प्रवेश थांबवता किंवा नाकारता येत नाही, हे कलम ५ मध्ये आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, हे कलम १४. प्रवेशाची मुदत संपली म्हणून नाकारता येत नाही, हे कलम १५. प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घेता येत नाही, हे कलम १३. आधार कार्ड शाळाप्रवेशासाठी सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं आहे.

हेडमास्तरांशी भांडायला जाऊ नका. पटसंख्या घटली की शिक्षक कमी होतात, त्यामुळे मराठी शाळेला मूल हवंच असतं. बहुतेक वेळा त्यांची अडचण कायद्याची नसून कॉम्प्युटरची असते. पडद्यावर नोंद होत नाही म्हणून ते ‘आधी दाखला’ म्हणतात. नोंद चार दिवसांनी होऊ दे, मूल आजच बसू दे, असं सांगून बघा. बहुतेक ठिकाणी जमतं.

तपासा: त्याच दिवशी मूल वर्गात बसलं का? दुपारच्या जेवणाला त्याचं ताट लागलं का? या दोन गोष्टी झाल्या तर प्रवेश झाला असं समजा.

## टप्पा ५: आता कागद

मूल वर्गात आहे, आता घाई नाही. तरी ढिलाईही नको, कारण पुस्तकं, गणवेश, शिष्यवृत्ती ही सगळी गणती ऑनलाइन नोंदीवरून होते.

दाखला. जुनी शाळा कर्नाटकातली असेल तर दाखला सॅट्समधूनच निघतो. जुन्या शाळेने मूल ‘सोडलं’ असं नोंदवल्याशिवाय नव्या शाळेला ते घेता येत नाही. इथे पालकांनी फेऱ्या मारण्यापेक्षा दोन्ही हेडमास्तरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या मुलाची सॅट्स नोंद नसते. पण यूडायस प्लस ही केंद्राची नोंद दोन्ही राज्यांत एकच आहे, आणि तीत मुलाचा ११ अंकी पेन नंबर (कायम शिक्षण क्रमांक) असतो. जुन्या शाळेकडून दाखल्याबरोबर हा नंबर मागून घ्या. तिकडच्या शाळेने मूल आपल्याच यादीत धरून ठेवलं असेल तर इकडे नाव चढत नाही. अशा वेळी गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाने शाळेत जाऊन बसलं की काम होतं, पत्राने होत नाही. ऊसतोड टोळीतल्या मुलाकडे शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलाला महाराष्ट्रातली शाळा देते ते) असेल तर त्याची झेरॉक्स ठेवून घ्या, कुठल्या इयत्तेत काय झालं ते त्यावरून कळतं.

जन्मदाखला. कर्नाटकात जन्म झाला आणि नोंद झालेली असेल तर ई-जन्म पोर्टलवरून प्रत निघते. नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर दंडाधिकारी पातळीवरचा आदेश लागतो आणि त्यात महिने जातात. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कित्येक घरांतले कागद गेले. त्यांनी अंगणवाडीचं रजिस्टर, दवाखान्याचं कार्ड, नाहीतर पालकाचं लेखी प्रतिज्ञापत्र यावर काम चालवावं.

नावाचं स्पेलिंग. हा सगळ्यात महागात पडणारा टप्पा, आणि याकडे कुणी बघत नाही. आपल्या भागात एका मुलाचं नाव तीन लिप्यांत लिहिलं जातं: घरी मराठीत, पंचायतीत कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. महाराष्ट्राच्या वळणाने त्याचं इंग्रजी स्पेलिंग ‘डी एन वाय ए’ने सुरू होतं. कन्नड वळणाने लिहिणारा ऑपरेटर ‘जे एन ए’ने सुरू करतो. मूल एकच, पण कॉम्प्युटरला ते दोघे वाटतात. आडनावाचंही तसंच. कुठे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम, तर कुठे आडनाव गाळून नुसती आद्याक्षरं. मुलींच्या नावात ‘श्री’, ‘क्ष’ आणि ‘वैष्णवी’सारख्या ठिकाणी हमखास फरक पडतो.

उपाय एकच. एका कागदावर मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि खाली कन्नडमध्ये लिहा. कन्नड येणाऱ्याकडून तपासून घ्या. तो कागद शाळेत द्या आणि यापुढे प्रत्येक ठिकाणी हेच लिहायचं असं ठरवा. आधारमध्ये वेगळं असेल तर दुरुस्ती आधारमध्ये करायची की शाळेत, हे आताच ठरवा. जन्मदाखला असेल तर तो प्रमाण धरून बाकीचे दुरुस्त करा. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर चुकीचं नाव एकदा छापलं गेलं की पुढे कॉलेज, जातीचा दाखला, पासपोर्ट अशा प्रत्येक दारात तीच अडवणूक.

अपार या देशपातळीवरच्या विद्यार्थी ओळख क्रमांकासाठी पालकांचं संमतिपत्र भरून घेतात. त्यावर सही करण्याआधी आधार आणि शाळेतलं नाव जुळलंय का ते बघा. जुळत नसेल तर क्रमांक तयार होत नाही आणि शाळा तुम्हाला परत परत बोलावत राहते.

तपासा: शाळेत सॅट्सचा पडदा उघडायला लावून स्वतः वाचा. नाव, जन्मतारीख, माध्यम, पहिली भाषा, आई-वडिलांची नावं. चूक दिसली तर तिथल्या तिथे सांगा.

## टप्पा ६: कुठल्या वर्गात बसवायचं

कायदा वयानुसार वर्ग सांगतो. पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण असावीत, आणि पुढे वर्षाला एक इयत्ता. म्हणजे अकरा पूर्ण झालेलं मूल सहावीत. त्याला वाचता येत नसलं तरी सहावीतच.

इथे शिक्षक आणि पालक दोघेही एकमताने चूक करतात. ‘तिसरीत बसवू, पाया पक्का होईल.’ पाया पक्का होत नाही. अकरा वर्षांचं पोरगं आठ वर्षांच्या मुलांत बसून पहिल्या आठवड्यातच लाजतं. मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला कायद्यातच विशेष प्रशिक्षणाची सोय आहे. ते शाळेत, शाळेच्या वेळेत देता येतं. चौदा वर्षं पूर्ण झाली तरी आठवी होईपर्यंत शिक्षण फुकट चालू राहतं, त्यामुळे ‘वय संपेल’ या धास्तीने वर्ग वगळू नका.

## टप्पा ७: पहिले सहा आठवडे

प्रवेशावर जेवढा जोर लावला त्याच्या दुप्पट इथे लावा. मूल टिकतं की नाही ते याच काळात ठरतं.

पहिला आठवडा. परीक्षा नको, फळ्यावर बोलावणं नको, ‘इतके दिवस कुठं होतास?’ तर मुळीच नको. शेजारी ओळखीचं मूल बसवा, शक्यतो त्याच गल्लीतलं, म्हणजे सकाळी हाक मारायला कुणीतरी असतं. दोन दिवस सलग आलं नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता घरी माणूस पाठवा.

दुसरा आठवडा: चाचपणी. मुलाला एकट्याला घेऊन चार गोष्टी करून घ्या. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचणं, स्वतःचं नाव-गाव लिहिणं, हातच्याची बेरीज आणि वजाबाकी, कन्नड अक्षरं ओळखणं. जिथे अडलं तिथून सुरुवात. वर्षाच्या आरंभी शाळेत ‘सेतुबंध’, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी चालते, पण जुलै-ऑगस्टमध्ये आलेल्या मुलाची ती हुकलेली असते. त्या वर्षाचं सेतुबंधाचं साहित्य शाळेत पडून असतं. तेच त्याला द्या, नवं काही बनवायची गरज नाही.

मराठी वाचन. दिवसाला अर्धा तास, मोठ्याने, कुणाच्या तरी शेजारी बसून. गाईड नको, प्रश्नोत्तरं नकोत. सहाव्या आठवड्याला मूल तिसरीचं पुस्तक अडखळत का होईना वाचत असेल, तर गाडी रुळावर आहे.

कन्नड. याच तासाला मुलं मागच्या बाकावर जातात. महाराष्ट्रातून आलेल्या मुलाने तर ही लिपी दुकानाच्या पाट्यांवरच पाहिलेली असते. सोय अशी की वर्णमालेचा क्रम तोच आहे: क ख ग घ, च छ ज झ. म्हणून एका मोठ्या कागदावर देवनागरी आणि कन्नड अक्षरं समोरासमोर लिहून घरी भिंतीवर लावा. मूल अडखळतं ते दोन जागी. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत, मराठीत तो भेद नाही. आणि जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली, पायाशी येतं. या दोन गोष्टींवर वेगळा वेळ द्या. बोलणं बाजारात आणि मैदानावर आपोआप येतं. खानापूरच्या आठवडी बाजारात मिरच्या विकणाऱ्या आपल्या बायका तीन भाषांत भाव करतात, त्यांना कुणी व्याकरण शिकवलं नाही.

धडा पाठ करून घेऊ नका. पाठ केलेलं चाचणीपुरतं पुरतं, आणि चाचण्या तर वर्षभर चालूच असतात: चार आकारिक, दोन संकलित.

पुस्तकं. कोल्हापूरचे पाहुणे हौसेने बालभारतीची पुस्तकं आणून देतात. अवांतर वाचायला ती छानच, पण अभ्यासाला नाहीत. इथलं मराठी माध्यमाचं पुस्तक कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाचं असतं आणि धडे वेगळे असतात. इतिहास-भूगोलात तर राज्यच बदलतं. इकडची मराठी पुस्तकं उशिरा आली तर संघाच्या वेबसाइटवर ती फुकट मिळतात. लागतील तेवढे दोन-तीन धडे छापून घ्या. पुस्तकं भाग १ आणि भाग २ अशी येतात, जूनमध्ये दुसऱ्या भागासाठी डोकं लावू नका. गेल्या वर्षीच्या मुलांची पुस्तकं मार्च संपतानाच शाळेत गोळा करून ठेवणं हा एसडीएमसीने करण्यासारखा सगळ्यात स्वस्त उद्योग आहे.

दिनदर्शिका. इकडची शाळा मे महिन्याच्या अखेरीस किंवा १ जूनच्या सुमाराला उघडते, महाराष्ट्रातली जूनच्या मध्यावर. तिकडून येणाऱ्यांना वाटतं अजून वेळ आहे, आणि पहिले दोन आठवडे जातात. शिवाय ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे आपलं अख्खं दुसरं सत्र. टोळीतल्या मुलांचा प्रवेश दिवाळीनंतर करायचा हे शाळेने आधीच धरून चालावं, आणि टोळी परत निघण्याआधी मुलाच्या हातात काय शिकलं याचा एक लेखी कागद द्यावा.

सावध: छडी, उठाबशा, टोमणे यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. परत आलेलं मूल एका टोमण्यावर जातं.

## टप्पा ८: सातवीनंतरची उडी

इथे हायस्कूल आठवीपासून सुरू होतं. गावातली मराठी शाळा सातवीपर्यंत, आणि मराठी हायस्कूल पाच-दहा किलोमीटरवर. मूल शाळा सोडतं ते नेमकं याच ठिकाणी.

तयारी मार्चमध्येच करा. सातवीच्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे हायस्कूलचं नाव लिहा. एप्रिलमध्ये सुट्टी लागण्याआधी दाखला आणि हायस्कूलचा फॉर्म एकाच दिवशी. दाखला घरी नेऊन मेमध्ये लग्नसराईत गेला की जूनमध्ये सापडत नाही.

प्रवासाचा प्रश्न मुलींसाठी थोडा हलका आहे. शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसने त्यांना तिकीट लागत नाही, फक्त ओळखपत्र जवळ हवं. मुलांनी विद्यार्थी पास सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरून काढावा. अडचण पासची नसते, वेळेची असते. बस नऊला आणि शाळा साडेनऊला, किंवा शाळा सुटते चारला आणि बस साडेसहाला. एसडीएमसी आणि हायस्कूलने मिळून आगारप्रमुखांना लेखी निवेदन द्यावं, त्यात मुलांची संख्या आणि थांब्याची नावं द्यावीत. ‘बस सोडा’ एवढंच लिहिलं तर कागद फायलीत जातो.

खानापूरच्या पश्चिम भागात जून ते ऑगस्ट ओढ्यांवरून ये-जा बंद होते. तिथे मागासवर्ग कल्याण किंवा समाज कल्याण खात्याच्या मॅट्रिकपूर्व वसतिगृहाचा विचार करावा. अर्ज शाळा सुरू होण्याच्या सुमाराला निघतात, जाहिरातीवर लक्ष ठेवा.

## टप्पा ९: अडलं तर कुठे जायचं

क्रमाने जा, एकदम वर नको. मुख्याध्यापक, मग क्लस्टरचे (जवळच्या शाळांच्या गटाचे) सीआरपी, मग तालुक्याचे बीईओ (गटशिक्षणाधिकारी), मग डीडीपीआय (शैक्षणिक जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक). बेळगाव जिल्ह्यात दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. बेळगाव, खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग, कित्तूर हा भाग बेळगावच्या डीडीपीआयकडे. निपाणी, चिक्कोडी, अथणी, कागवाड, रायबाग, हुक्केरी, गोकाक, मूडलगी हा भाग चिक्कोडीकडे. निपाणीचा माणूस बेळगावच्या ऑफिसात जाऊन बसला तर त्याचा दिवस वाया जातो.

अर्ज मराठीत देता येतो का? घटनेच्या कलम ३५० प्रमाणे तक्रार-निवेदन देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. हक्क बजावा, पण काम व्हावं असं वाटत असेल तर मागे चार ओळींचा कन्नड गोषवारा जोडा. टेबलावरच्या क्लार्कला तो वाचता आला तर कागद त्याच दिवशी पुढे सरकतो. पोच इथेही घ्या. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तीच पोच जोडून वरच्या ऑफिसात. प्रवेश नाकारणं, मारहाण अशा गोष्टी कर्नाटक राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे थेट पाठवता येतात.

## चौदा ओलांडलेल्यांसाठी

आठवी झालेलं मूल असेल आणि मधे एखादंच वर्ष गेलं असेल, तर आधी हायस्कूललाच विचारा. दहावीला नियमित विद्यार्थी म्हणून बसायला ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून नववीत डिसेंबरला येऊन बसण्यात अर्थ नाही, जूनलाच या. दहावीत नापास होऊन घरी बसलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं की मुख्य परीक्षेनंतर त्याच वर्षी पुन्हा बसायची संधी मिळते. राहिलेले विषय शाळेतूनच भरा, बाहेरच्या एजंटाला पैसे देऊ नका.

शाळेत बसणं शक्यच नसेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीला वयाची अट चौदा पूर्ण. आठवीचा दाखला नसला तरी लिहिता-वाचता येतं असं स्वतःचं प्रमाणपत्र चालतं. पाच विषय, आणि ते पाच वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी सोडवता येतात. मराठी माध्यम घेता येतं, मात्र अर्ज भरताना माध्यमाच्या रकान्यात मराठीच निवडलंय ना ते बघा. सायबर कॅफेवाला घाईत इंग्रजीवर टिक करतो आणि पुस्तकं इंग्रजीत येतात. अभ्यासकेंद्र निवडण्याआधी तिथे मराठीतून विचारणा करून बघा. आठवीवर प्रवेश मिळणारे वायरमन-वेल्डरसारखे आयटीआयचे काही ट्रेड आहेत. उद्यमबागेत हेल्परचं काम करणाऱ्या पोराला हा रस्ता पटतो, कारण मशीन त्याच्या ओळखीचं असतं. अर्ज दहावीच्या निकालानंतरच्या महिन्यांत निघतात, त्यामुळे एप्रिलमध्येच जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन आठवीवर चालणारे ट्रेड कोणते आणि जागा किती ते विचारून ठेवा.